पाळणाघरात कापडी लंगोट चालवून घेतात का? अनुभव हवेत

खिडकीतली_चिमणी

मंडळी, धागा काढायच्या आधी शोधलं, एक जुना सापडला पण त्यात चौथ्या प्रतिसादापासून सगळे सासूवर घसरलेत, म्हणून नवीन काढते.

आमचं पिल्लू पुढच्या महिन्यात सात महिन्यांचं होईल. सव्वीस आठवड्यांची रजा संपली, वर एक महिना बिनपगारी घेतली, आता जॉइन व्हायचंय. पाळणाघर बघून ठेवलंय, कोथरूडातच, तळमजल्यावरचा टू बीएचके, बारा-तेरा मुलं, दोन मावशी, स्वच्छता चांगली, खिडक्यांना जाळ्या, सगळं आवडलं. फॉर्म भरताना बाई म्हणाल्या रोज पाच डायपर बॅगेत द्यायचे. मी म्हटलं आम्ही कापडी वापरतो, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बाळासोबत शेळी पण पाठवणारे. "ते लंगोट-बिंगोट नाही हो चालत इथे, वास येतो, आणि मावशी धुणार नाहीत." मी म्हटलं धुवू नकाच, पिशवीत टाका मी घरी नेते. त्यावर "बघू".

कापडीच का, तर दोन महिन्यांची असताना तिला मांडीच्या वळ्यांमध्ये इतकं लाल झालं होतं की पुसलं तरी किंचाळायची. डॉक्टरांनी क्रीम दिलं आणि सांगितलं दर दोन-तीन तासांनी बदला आणि दिवसातून थोडा वेळ उघडी ठेवा. तेव्हापासून दिवसा कापडी, रात्री कधी हे कधी ते. सध्या आमच्याकडे चौदा पॉकेटवाले (बाहेर कव्हर, त्याच्या खिशात शोषणारं कापड घालायचं) आहेत आणि सासूबाईंनी जुन्या सुती साडीचे शिवलेले तिकोनी लंगोट ढीगभर.

तर कोणी पाळणाघरात कापडी चालवलेत का? रोज किती द्यायचे? बाईंना कसं पटवायचं?

सडाफटिंग

मला पोर नाही तरी बोलतो. पाळणाघरवाल्या बाईंच्या डोक्याला आधीच कमी ताप असतो का? त्यांनी नियम केलाय, पाळा, नाहीतर दुसरं बघा. आणि कापडी म्हणजे पर्यावरणाला बरं म्हणतात, मग धुण्यात पाणी, वीज, साबण जातो तो कुठल्या पर्यावरणात बसतो?

ठाणेकर_बाबा

चिमणीताई, आम्ही चालवलं, दीड वर्ष. आमच्या घरात डायपरखातं माझ्याकडे होतं, त्यामुळे सांगायचा अधिकार आहे :)

पहिली चूक आमची अशी की आम्ही सुटे भाग पाठवले. कव्हर वेगळं, इन्सर्ट (आत घालायच्या शोषणाऱ्या पट्ट्या) वेगळे, वर एक बूस्टर (जास्तीची पट्टी). आम्हाला वाटलं त्यात काय कळायचंय. पहिल्याच दिवशी संध्याकाळी पोर कव्हरात आणि इन्सर्ट तसेच्या तसे घडी घालून बॅगेत परत. मावशींना वाटलं ते रुमाल आहेत! चूक त्यांची नाहीच. तेव्हापासून रात्री बसून सगळे पॉकेट भरून, मावशींनी नुसता उचलायचा आणि लावायचा असे तयार पाठवायचो. टिचबटणाचं कुठलं बटण कुठे लागतं त्या जागी बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. तो ठिपका म्हणजे आमच्या संसारातला सर्वोत्तम शोध, पोर जाड झालं की ठिपका पुढच्या बटणावर.

दुसरं, गळतं म्हणून ओरड होते ती नव्वद टक्के वेळा कापड कमी पडतं म्हणून होत नाही. मांडीपाशी जे इलॅस्टिक असतं तिथून आतल्या कापडाचं टोक करंगळीच्या नखाएवढं जरी बाहेर डोकावत राहिलं तरी त्या टोकातून वातीसारखी ओल चढते, झबलं भिजतं, चटई भिजते आणि खापर कापडावर फुटतं. लावून झालं की दोन्ही मांड्यांशी एक बोट फिरवून कापड आत ढकलायचं, बास. हे मावशींना एकदा हातात धरून दाखवा, सांगून कळत नाही.

वेल्क्रोवाले पटकन लागतात पण रांगायला लागलं की पोरं स्वतःच फराफरा काढतात, टिचबटणंच बरी. ऑल-इन-वन (आतलं कापड शिवलेलंच असतं ते) सगळ्यात सोपे पण वाळायला आमच्या ठाण्यात जुलैत दोन-दोन दिवस लागायचे.

नुसती_वाचक

चिमणी, ऑफिसात पाळणाघर नाही का? २०१७ च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा जाऊन यायची मुभा आहे, विश्रांतीची वेळ धरून. विचार की एचआरला.

खिडकीतली_चिमणी

@नुसती_वाचक आमच्या ऑफिसात ४३ डोकी आहेत गं, त्यातलं एक माझं. सात जणांना भरती करून घ्यावं लागेल.

@ठाणेकर_बाबा नेलपॉलिश!! आजच करते. आणि घरी आमच्याकडे गळतं ते तेच आहे बहुतेक, मी उगाच बूस्टर वाढवत बसले होते.

@सडाफटिंग दुसरं बघितलं, तीन बघितली, तिथेही हेच. आणि मी नियम मोडत नाहीये, विचारतेय.

रत्नांग्री

आमच्याकडे डायपरला सरसकट हगीसच म्हणतात, कुठल्याही कंपनीचा असो. मालवणी माणसाला ते नाव ऐकून पहिल्यांदा कंपनीच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं होतं.

पावसाळ्याबद्दल सांगते कारण तुझं पिल्लू पाळणाघरात जाणार तोवर पाऊस सुरू झालेला असेल. चौदा पुरणार नाहीत. रोज पाळणाघराचे सहा, घरचे चार-पाच, आणि वाळायला दीड दिवस धर, म्हणजे वीस-बावीस तरी हवेत. नवीन घेऊ नको, मैत्रिणींकडून माग, एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाणं हीच या कापडाची मजा आहे. साडीचे लंगोट मात्र दोन तासात पंख्याखाली वाळतात, म्हणून ते पॉकेटच्या आत इन्सर्टसारखे घडी करून घाल. लांबट घडी, मुलगा असेल तर पुढच्या बाजूला जाड. मुलगी आहे ना, मग मधे जाड ठेव. माझ्या दोन्ही मुली अशाच झाल्या.

आणि एक धोक्याची सूचना. आमची आई जुन्या पद्धतीने शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून लंगोट वाळवायची, खाली ओवा-ऊद टाकून. सुती लंगोटांना तो वास काय सुंदर यायचा, अजून नाकात आहे. तिने प्रेमाने माझा नवाकोरा पॉकेट डायपर पण टोपलीवर टाकला. बाहेरच्या कापडाला आतून जो प्लास्टिकचा पातळ थर असतो ना, त्याला पापडासारखे फोड आले. चारशे रुपयांचा पापड. तेव्हा कव्हर आणि पॉकेट कडक गरम पाण्यात उकळायचे नाहीत, इस्त्री नाही, शेगडी तर नाहीच. आतले इन्सर्ट मात्र कडक उन्हात टाक, डाग पण उन्हानेच जातात.

मिरजेची_मिरची

रत्नांग्री +१. कम्फर्ट-बिम्फर्ट पण नको, मऊ होतं पण कापड पाणी पिणं सोडून देतं. रॅशचं जाड पांढरं क्रीम थेट कापडावर लागलं तरी तेच. पाळणाघरात मावशी सढळ हाताने क्रीम थापतात, म्हणून वर लायनर (लंगोटावर ठेवायचा पातळ, फेकून द्यायचा कागद) घालून पाठव.

माझ्या सासूबाईंचा आक्षेप वेगळाच, एवढं जाड मधे घातलं की पोर फेंगडं चालेल. डॉक्टरांना विचारलं तर हसले, म्हणाले लहान बाळाचे पाय बेडकासारखे फाकलेले असणंच खुब्याला चांगलं, दुपट्यात पाय सरळ करून घट्ट बांधता ते बंद करा. सासूबाई डॉक्टर बदला म्हणाल्या.

रीडिंगकर

सडाफटिंग यांच्या पाण्या-विजेच्या मुद्द्यावर. मी इंग्लंडात आहे, इथे यावर सरकारी हिशेब झालेत. २००८ च्या अहवालात डिस्पोझेबल आणि कापडी जवळपास बरोबरीत आले होते, कारण लोक अर्धवट भरलेलं मशीन गरम पाण्यावर लावायचे आणि ड्रायरमध्ये वाळवायचे. २०२३ मध्ये डेफ्रा म्हणजे इथल्या पर्यावरण खात्याने नवा हिशेब काढला त्यात एका मुलाची अडीच वर्षं धरून कापडी साधारण ३४५ किलो कार्बन डायऑक्साइड आणि डिस्पोझेबल ४५७. म्हणजे पाव भाग कमी, फार मोठी क्रांती नाही. पण तो हिशेब इथला. तुमच्याकडे दोरीवर ऊन फुकट आहे आणि तेच कापड दुसऱ्या-तिसऱ्या पोराला जातं. उलट रोज एक-एक लंगोट गरम पाण्यात मशीन लावून धुणार असाल तर सडाफटिंग बरोबर आहेत.

आमच्या नर्सरीने काही कुरकूर केली नाही, पण त्यांची अट होती की प्रत्येक वेळी पूर्ण डायपर बदलणार, कव्हर तेच ठेवून आतलं बदलणं वगैरे नाही. त्यामुळे नग जास्त लागतात.

एडिसनमावशी

न्यू जर्सीत आमच्या डेकेअरलाही हीच अट. शिवाय तिथे शी-शू काहीही खळबळायचं नाही, आहे तसं गुंडाळून पिशवी बंद करून घरी. मला आधी शिसारी आली, मग त्यांच्या डायरेक्टरने समजावलं की सेंटरमध्ये खळबळलं की शिंतोडे उडतात, हाताला लागतं, आणि एका पोराचे जुलाब आठवडाभरात वर्गभर होतात. ते पटलं. संध्याकाळी घरी पिशवी उघडायचं काम नवऱ्याला दिलं.

पाळणाघरवाली_काकू

मी इथे लिहीत नाही, वाचते. पण हा धागा बघून राहवलं नाही. सोळा वर्षं पाळणाघर चालवते, गाव सांगत नाही.

चिमणी, तुझ्या बाईंनी नाही म्हटलं ते का, ते सांगते. सकाळी साडेअकराला माझ्याकडे ये एकदा. एकाला भरवायचं चाललंय, दोघं झोपेला आलीत म्हणून रडतायत, आणि त्याच वेळी तिघांनी ओळीने केलेली असते, ती पोरं ठरवून करतात असं माझं पक्कं मत आहे. मावशीला हात दोन. तयार डायपर काढायचा, पुसायचं, नवा लावायचा, जुना कागदात गुंडाळून टाकला की संपलं. तिथे कोणी चार तुकड्यांचं कोडं हातात दिलं तर ती वैतागणारच.

आणि आयांचं पण सांगते. एक आई कापडी द्यायची, छान, पण रोज चिठ्ठी, "कृपया खळबळून ठेवावे". माझ्याकडे बाथरूम एक. तिथेच पोरं हात धुतात, तिथेच तोंड. तिथे मी लंगोट खळबळू? तिला नाही म्हटलं तर मी मागासलेली. दुसरी एक माझ्या माघारी मावशीला महिना दोनशे रुपये द्यायची लंगोट धुवायला, मला कळलं तेव्हा बाकीच्या पोरांचं खाणं थांबवून मावशी बाथरूमात. असं करू नका. द्यायचेच असतील तर माझ्याशी बोला, मी पगारात बघेन.

आता खरं सांगू का. डायपर गळत नाही हीच त्याची खोड आहे. मावशी वरून दाबून बघते, फुगलाय पण चालतंय, अजून एक तास जाऊ दे, असं करत कधीकधी चार-चार तास जातात. मी ओरडते, पण मी सगळीकडे नसते. कापडी ओलं झालं की पोर स्वतःच कुरकुरतं, बदलावंच लागतं. माझ्याकडे कापडीवाली जी पोरं होती त्यांना लाल झालेलं मी फार कमी पाहिलं, आणि ती शू सांगायला पण लवकर लागली असं मला वाटतं, ते माझं मत, कोणी भांडू नये.

म्हणून मी कापडी घेते, पण माझ्या पद्धतीने. सगळे तयार भरलेले. सहा असले पाहिजेत, पाच नाही. वर लायनर, शी झाली तर मावशी घट्ट भाग लायनरसकट उचलते, शी संडासात झटकायची, लायनर कचऱ्यात. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, लायनर फ्लश करायचा नाही, एकदा प्लंबरने अडीच हजार घेतलेत. लंगोट तसाच चेनच्या पिशवीत. पिशवी दोन कप्प्यांची, बाहेर नाव मोठ्ठं मराठीत लिहिलेलं, मावशीला वाचता येईल असं. आणि जुलाब लागले असतील त्या दिवसांत साधे फेकायचे डायपर द्यायचे, यात चर्चा नाही.

बाईंना पटवायच्या भानगडीत पडू नको. मावशीला पटव. बाई म्हणजे मी गं, आम्ही मावशीच्या तोंडाकडे बघून नियम करतो.

ठाणेकर_बाबा

काकू, तुमचा प्रतिसाद चिकटवून ठेवायला हवा. साष्टांग.

त्या चेनच्या पिशवीवरून आठवलं. आमच्या मावशींनी एकदा त्या पिशवीत चुकून वापरलेला साधा डायपर पण टाकला आणि मी न बघता सगळी पिशवी मशीनमध्ये रिकामी केली. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांनी पाहू नये. आतली ती पाणी शोषणारी पावडर असते ना, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, ती फुगून साबुदाण्याच्या खिरीसारखी झाली आणि ड्रमच्या प्रत्येक भोकात, ऑफिसच्या शर्टांच्या खिशात, सगळीकडे. दोन दिवस झटकत होतो. तेव्हा पिशवी ओतायच्या आधी मोजा. दिले सहा, आले सहा.

कॅम्पातली_मुलगी

अजून एक बाजू, पुण्याचीच आहे म्हणून. आमच्या सोसायटीत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येतात. कोरडा कचरा त्या हाताने वेगळा करतात आणि त्यात उघडे डायपर निघतात. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून स्पष्ट आहे की डायपर नीट गुंडाळून द्यायचा, कंपन्यांनी त्यासाठी पाकीट द्यायचं. पाकिटं मी तरी फारशी पाहिली नाहीत. म्हणून कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम आहे, म्हणजे ताईंना न उघडता कळतं. ज्यांच्या पाळणाघरात साधेच चालतात त्यांनी निदान तेवढं विचारा, बारा पोरांचे दिवसाला पन्नास-साठ डायपर कुठे जातात. आमच्या ताई म्हणाल्या होत्या, बाळाचं आहे म्हणून काय झालं, हात माझाच आहे ना.

सडाफटिंग

हे माहीत नव्हतं. मागे घेतो. पाण्याचं नाही, बाकीचं.

मिरजेची_मिरची

सडाफटिंगनी काहीतरी मागे घेतलं, तारीख लिहून ठेवा रे.

चिमणी, वासाबद्दल, बाईंची ती तक्रार खरी असते. शूचे लंगोट बंद पिशवीत रात्रभर राहिले की अमोनियाचा असा भपकारा येतो की डोळ्यात पाणी. संध्याकाळी घरी आल्याआल्या, चहाच्या आधी, नळाखाली खळखळून काढ आणि उघड्या बादलीत पाणी न घालता टाकून ठेव, मग एकदम मशीन. साबण थोडा, जास्त घातला की तो कापडात बसतो आणि मग धुतलेल्या लंगोटाला पण तो वास येतो. तसं झालं तर दोन-तीनदा नुसत्या पाण्यात काढायचं, फेस यायचा थांबेपर्यंत.

खिडकीतली_चिमणी

अपडेट द्यायला तीन आठवडे लागले, सॉरी, जॉइन झाल्यापासून मी कोण हेच मला आठवत नाही.

काकूंचं ऐकून मी बाईंशी वादच घातला नाही. नुसतं विचारलं की शनिवारी दुपारी पिल्लूला घेऊन तासभर बसू का, तिला सवय होईल. मोठ्या मावशी तिथे होत्या. मी पॉकेट डायपर काढून दाखवायला लागले तर त्यांनी हातातून घेतला, उलटापालटा केला, आत बोटं घालून बघितलं. "ह्ये टिचबटणाचंच हाय की, बाई म्हणत होत्या लंगोट." मग माझ्या बॅगेतला साडीचा तिकोनी लंगोट दिसला तो त्यांनी एका हाताने पिल्लूचे दोन्ही पाय वर धरून दुसऱ्या हाताने असा बांधला की मला कुठली गाठ कुठून आली ते दिसलंच नाही. चार पोरं यावरच काढली म्हणाल्या. मी त्यांना शिकवायला गेले होते!

त्यांची अडचण भलतीच निघाली. पिशवी लटकवायला जागा नाही. बाथरूममधला खिळा उंच आहे, त्यांचा हात पोचत नाही, खाली ठेवली तर पाणी लागतं, रांगणारी पोरं येऊन तोंडात घालतात. म्हणजे तीन महिने मी इंटरनेटवर पीयूएल (तेच बाहेरचं प्लास्टिकच्या थराचं कापड) आणि बांबू फायबर वाचतेय आणि प्रश्न खिळ्याचा. नवऱ्याने चिकटणारा हुक आणला, मावशींच्या खांद्याच्या उंचीवर लावला, बाईंनी पण "लावा, पण पंधरा दिवस बघणार" म्हणून परवानगी दिली.

पहिल्या आठवड्यात दोनदा गळलं, दोन्ही वेळा ते करंगळीच्या नखाएवढं टोकच. दुपारच्या मोठ्या झोपेला मात्र साधा डायपर लावायचा असं ठरलंय, कारण ती ओली झाली की उठते आणि ती उठली की बाकीची अकरा उठतात. मला सुरुवातीला हरल्यासारखं वाटलं, आता नाही वाटत. दिवसाला एक. तो मी लाल ठिपका काढलेल्या कागदासकट देते, मावशी त्यातच गुंडाळतात.

रोज रात्री टीव्हीसमोर बसून सहा भरायचे, हे काम मात्र खरंच कंटाळवाणं आहे, कोणी रोमँटिक करून सांगू नये.

पंधरा दिवस गेल्या शुक्रवारी झाले. बाई त्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत, मी पण विषय काढला नाही.

आणि ठाणेकर_बाबा, तुमच्यामुळे मी रोज मोजते. काल सहा दिले होते, पिशवीत सात निघाले. सातवा पिवळा, वर हत्ती, आमच्याकडे हत्तीवाला एकही नाही. धुऊन वाळत घातलाय. सोमवारी विचारते कोणाचा आहे.